सत्तेचाळीस, नलवत्तेळु आणि फॉर्टी सेव्हन

चिकोडीच्या बाजारात उभे राहिले की एकच आकडा तीन तऱ्हांनी कानावर पडतो. भाजीवाली ‘सत्तेचाळीस’ म्हणते, शेजारचा दुकानदार ‘नलवत्तेळु’ म्हणतो आणि मोबाइलवरून पैसे देणारा कॉलेजचा मुलगा ‘फॉर्टी सेव्हन’ म्हणतो. कागदावर लिहायला सांगितले तर तिघेही ४७ च लिहितील. मात्र तो आकडा तिघांच्या मनात एकाच वाटेने येत नाही. कन्नड आणि इंग्रजीत आधी चाळीस येतात, मग सात. मराठीत आधी सात, मग चाळीस. लिहिताना मात्र मराठी माणसालाही ४ आधी लिहावा लागतो. म्हणजे जे नंतर ऐकले ते आधी लिहायचे आणि जे आधी ऐकले ते तेवढा वेळ मनात धरून ठेवायचे.

हे धरून ठेवणे क्षणभराचे असते, पण त्या क्षणात माणसाचे ऐकणे, लक्ष आणि स्मरण अशी तिन्ही कामे एकदम चालू असतात. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, मानसशास्त्र कॉलेजात शिकलो नाही. पण आयुष्य आकड्यांत गेले. निवृत्तीनंतर या विषयावर थोडे वाचन झाले, तेव्हा काउंटरमागे रोज दिसणाऱ्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. मंडळाच्या सभासदांसाठी हे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. हल्ली घरोघरी एक वाक्य वरचेवर ऐकू येते : “आजोबांना नंबर सांगितला तर नीट घेता येत नाही, आता विसरायला लागलेत.” आणि त्याच घरात आजोबा नातवाबद्दल म्हणतात, “याला एकोणसत्तर म्हणजे किती ते कळत नाही, काय शिकवतात शाळेत!” आमच्या मते या दोन्ही तक्रारींच्या मागे बऱ्याचदा एकच गोष्ट असते, आणि ती ना म्हातारपण आहे ना ढपणा.

बँकेतले एक जुने गणित आधी सांगतो. संगणक येण्यापूर्वी संध्याकाळी वाउचर आणि लेजरची बेरीज जुळवावी लागे. फरक आला की घरी जाणे लांबले. अशा वेळी ज्येष्ठ हेडक्लार्क पहिली सूचना द्यायचे, फरकाला ९ ने भागून बघा. भाग गेला तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव मोठा. ४७ च्या जागी ७४ पडले तर फरक २७. २७ ला ९ ने भागले की ३, आणि ७ व ४ यांतला फरकही ३ च. म्हणजे शेजारी-शेजारी असलेले, तिनाचे अंतर असलेले दोन अंक शोधायचे. ५,३७० च्या जागी ५,७३० पडले तर फरक ३६०, तोही ९ ने भागला जातो. शून्य कमी-जास्त पडले, म्हणजे ४५० चे ४,५०० झाले, तरी फरक ४,०५० आणि त्यालाही ९ चा भाग जातो. ही युक्ती जगभरच्या हिशेबनिसांना माहीत आहे, कारण ही चूक जगभर होते. पण एकाने ओरडून सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, अशा कामात मराठीतून सांगितलेल्या आकड्यांना या चुकीची आयती वाट मिळते.

कायद्यालाही याची जाणीव असावी. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १८ मध्ये असे आहे की चेकवर अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी रक्कम धरायची. (प्रत्यक्षात बँक असा चेक परत करते, ते सोडा.) आकड्यात एक अंक इकडचा तिकडे झाला तर डोळ्याला खटकत नाही. ‘सत्तेचाळीस’ लिहायच्या जागी ‘चौऱ्याहत्तर’ मात्र सहजासहजी लिहून होत नाही.

आता ऐकण्याकडे येऊ. आपल्याला वाटते की कान म्हणजे टेपरेकॉर्डर, जे बोलले गेले ते आत उतरते. तसे होत नाही. कानावर आलेल्या अर्ध्यामुर्ध्या आवाजावरून मन अंदाजाने शब्द पुरा करते. १९७० मध्ये अमेरिकेतील रिचर्ड वॉरेन यांनी एका वाक्यातला एक आवाज काढून टाकून त्या जागी खोकल्याचा आवाज भरला आणि ते लोकांना ऐकवले. जवळजवळ सगळ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला, काही गाळले गेले आहे हे कळलेच नाही. कीर्तनात मागे बसलेल्यालाही सगळे समजते ते याच सोयीमुळे. आजूबाजूच्या वाक्यावरून गाळलेली जागा भरून निघते.

आकड्यांच्या बाबतीत ही सोय उपयोगी पडत नाही. ‘पावसामुळे रस्ता बं... झाला’ म्हटले तर ‘बंद’ हे आपण भरून घेतो. पण ‘सा... रुपये’ म्हटले तर सात की साठ, याला मागचापुढचा आधार नसतो. मराठीत अशी जुळी भावंडे पुष्कळ आहेत : सात-साठ, पंचावन्न-पंच्याण्णव, एकोणसाठ-एकोणसत्तर. इंग्रजीत फिफ्टीन-फिफ्टी आहेच. साध्या फोन लाइनवर आवाजाचा वरचा पट्टा कापला जातो, त्यात ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आणि वय वाढले की कानही आधी हेच बारीक, उंच आवाज गमावतो. म्हणजे साठीनंतर फोनवरून आकडा घेणाऱ्याला दोन्हीकडून तूट. आकडा चुकला तर पुष्कळदा स्मरणाला दोष दिला जातो, प्रत्यक्षात तो नीट पोचलेलाच नसतो. घरच्यांनी अशा वेळी आधी कानाच्या डॉक्टरांकडे जावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

डोळ्यांचेही तसेच. सरावाने जे अपेक्षित असते ते डोळा आधी पाहतो. आपला देवनागरी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, १ इंग्रजी नवासारखा. जुन्या खातेवहीतले किंवा सातबाऱ्यावरचे आकडे इंग्रजी माध्यमातल्या नातवाला वाचायला द्या, तो अडखळेल. त्याच्या डोळ्यांत दोष नाही, त्याची सवय वेगळी. आपण ‘त्या दोघांत छत्तीसचा आकडा आहे’ म्हणतो, कारण ३६ मधले ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेले आपल्याला दिसतात. इंग्रजी अंकांवर वाढलेल्या मुलाला ते भांडण तितके ठळक दिसत नाही. त्याला हा वाक्प्रचार समजावायचा तर आधी देवनागरी अंक काढून दाखवावे लागतात. एकदा काढून दाखवा, मुले फार खूश होतात. ६३ केले की दोघे समोरासमोर येतात, हे ती स्वतःच शोधतात.

लक्षाचा विषय आम्हाला कॅशियरवरून चांगला समजतो. कॅशियर नोटा मोजत असताना त्याच्याशी बोलू नये, हा बँकेतला अलिखित नियम. पण कुणी ‘चहा आला’ म्हटले तर अनुभवी कॅशियर मान हलवून मोजत राहतो. कुणी ‘माझे टोकन अठ्ठावीस’ म्हटले की त्याची मोजणी मोडते. बाहेरून आलेला आकडा आतल्या आकड्याच्या जागेवर येऊन बसतो. लक्ष म्हणजे एक अरुंद दार आहे. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने माणसांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे सोडली आणि एकाच भाषणाकडे लक्ष द्यायला सांगितले. दुसऱ्या कानातल्या भाषणाचे लोकांना जवळजवळ काही सांगता आले नाही. मध्येच ती भाषा बदलून जर्मन झाली तरी पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. मात्र पुढे १९५९ च्या प्रयोगात असे दिसले की दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले तर काही जणांना ते ऐकू येते. लग्नाच्या मांडवात एवढ्या गलबल्यात आपले नाव कुणी घेतले की मान वळते, ती यामुळेच.

फोनवरून फसवणाऱ्या टोळ्यांना हे दार नेमके माहीत आहे. ते आधी आपले नाव घेतात, मग भीती घालतात : खाते बंद होईल, पोलीस येतील, पाच मिनिटांत उत्तर द्या. सगळे लक्ष भीतीकडे गेले की ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे मेसेजमध्येच लिहिलेले वाक्य डोळ्यांसमोर असून वाचले जात नाही. फसलेल्या माणसाला घरचे म्हणतात, ‘एवढे साधे कसे कळले नाही?’ कळण्याएवढी जागाच त्या वेळी दारात ठेवलेली नव्हती. बँक कधीही फोनवर ओटीपी विचारत नाही. असा फोन आला की बोलत न बसता बंद करावा आणि घरातल्या कुणाला तरी मोठ्याने सांगावे. मोठ्याने सांगितले की लक्ष परत आपल्या ताब्यात येते.

आता मुख्य मुद्दा, तो क्षणभर धरून ठेवण्याचा. मानसशास्त्रज्ञ याला कार्यरत स्मृती म्हणतात. आपण तिला मनातला काउंटर म्हणू. तिजोरी मोठी असली तरी काउंटरवर एका वेळी थोडेच कागद मावतात. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी अंदाजे सात, दोन इकडे दोन तिकडे, अशी मर्यादा सांगितली. नंतर २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी ती खरे तर चाराच्या आसपास असल्याचे मांडले. आणि काउंटरवर ठेवलेले फार काळ राहतही नाही. १९५९ मध्ये पीटरसन दांपत्याने माणसांना तीन अक्षरे दिली आणि लगेच उलटी मोजणी करायला लावली, म्हणजे मनात घोकायला सवड नाही. अठरा सेकंदांत बहुतेक अक्षरे गेलेली होती. तीन अक्षरे! त्यामुळे दारापासून फोनपर्यंत जाताना नंबर विसरला तर कुणी घाबरून जाऊ नये.

या अपुऱ्या काउंटरवर मराठी दोन अंकी संख्या येते तेव्हा काय होते ते पाहा. ‘अठ्ठ्याण्णव, सत्तेचाळीस, त्रेसष्ट’ असा मोबाइल नंबर कुणी जोड्यांनी सांगितला. आठ ऐकला, धरून ठेवला, नव्वद ऐकले, ९ लिहिला, मग ८ लिहिला. तोवर सात येऊन उभा. दर जोडीला एक उलटापालट. घरात सगळेच मराठी आकड्यांवर वाढलेले असतील तर हे हातात बसलेले असते, त्याचा भार जाणवत नाही. पण दिवसभर कन्नडमध्ये ‘अरवत्तमूरु’ ऐकणाऱ्या, म्हणजे साठ-तीन या क्रमाने लिहिणाऱ्या हाताला अचानक ‘त्रेसष्ट’ आले की ३६ लिहिले जाण्याचा धोका राहतो. आपल्या भागात दोन्ही क्रम एकाच डोक्यात नांदतात आणि कोणता कधी येईल याची सूचना मिळत नाही.

ही अडचण फक्त आपली नाही. जर्मन भाषेतही मराठीसारखेच ‘सात आणि चाळीस’ म्हणतात. २००९ मध्ये ऑस्ट्रियातल्या सात वर्षांच्या मुलांना संख्या सांगून लिहायला लावल्या, तेव्हा त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी निगडित निघाल्या. ज्यांची कार्यरत स्मृती कमी पडत होती त्यांच्या जास्त. चेक भाषेचे उदाहरण तर आपल्याला अगदी जवळचे. तिथे दोन्ही क्रम बोलण्यात आहेत. तीच मुले, तेच आकडे, पण एकक आधी सांगितला की अदलाबदल वाढते. म्हणजे दोष मुलांत नव्हता, शब्दांच्या रांगेत होता.

शब्दांच्या लांबीचाही परिणाम होतो. १९८० मध्ये वेल्समधल्या द्विभाषिक लोकांवर झालेल्या अभ्यासात त्यांना इंग्रजीतून जितके अंक लक्षात ठेवता आले त्यापेक्षा वेल्श भाषेतून कमी आले, कारण वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो. मनात घोकताना उच्चाराला जितका वेळ, तितकी काउंटरवर अडवलेली जागा. आपले एक ते नऊ छोटे आहेत, त्यांचे काही बिघडत नाही. जागा अडते ती ‘चव्वेचाळीस’, ‘एकोणनव्वद’ अशांनी. त्यात ‘एकोण’ म्हणजे एक उणे, म्हणजे ऐकता ऐकता वजाबाकीही आली. आणि नव्व्याण्णवला मात्र ‘एकोणशंभर’ म्हणायचे नाही. नातवाने ‘का?’ विचारले तर आमच्याकडे उत्तर नाही.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, मग मराठी आकडे बदलूनच टाका. तसा प्रयत्न झाला आहे. २०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ उठला होता, तो अनेकांना आठवत असेल. ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे वाचन त्यात दिले होते. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की लहान मुलांना जोडाक्षरांचे अवघड शब्द आणि उलटा क्रम दोन्ही एकदम झेपत नाहीत, म्हणून सोपा पर्याय द्यावा. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते. कन्नड, तेलुगू यांसारख्या दक्षिणी भाषांत दशक आधीच म्हणतात, हा दाखलाही तेव्हा दिला गेला. प्रकरण विधानसभेपर्यंत गेले, थट्टाही भरपूर झाली. आपल्या भागातल्या मराठी शाळांना कर्नाटकची पुस्तके असल्याने तो बदल इथे थेट आला नाही. पण इथल्या मुलाला ‘वीस सात’ ऐकून हसू आले नसते. शेजारचा मुलगा ‘इप्पत्तेळु’ म्हणतो ते हेच.

नॉर्वेने हा बदल करूनही पाहिला. १९५१ मध्ये तिथे सरकारी पातळीवर आकड्यांचा क्रम बदलून दशक आधी घेतले गेले. मागणी कुणाची होती? टेलिफोन चालवणाऱ्या खात्याची. नंबर सांगताना फार चुका होत होत्या. शाळा, रेडिओ सगळीकडे नवी पद्धत आली. तरीसुद्धा कित्येक दशकांनंतरही तिथे अनेकांच्या तोंडी जुना क्रम टिकून राहिला.

तो का टिकतो, याचे उत्तर तिजोरीत, म्हणजे दीर्घकालीन स्मृतीत आहे. आमच्या पिढीने पाढे सकाळी एका सुरात म्हटले. सात सक बेचाळीस, सात नवे त्रेसष्ट. त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. हे गणित नव्हे, हा नाद आहे. उत्तर शोधावे लागत नाही, ते आपसूक पुढे येते आणि काउंटरवर जागाच अडवत नाही. निपाणीच्या तंबाखू बाजारात किंवा उसाच्या वजनाचा हिशेब करताना जुनी माणसे कागदाशिवाय दर काढत, ती या जोरावर. ‘बेचाळीस’चे ‘चाळीस दोन’ केले तर हा नाद तुटतो, ही २०१९ मधल्या विरोधकांची तक्रार आम्हाला रास्त वाटते. नेमके गणित ज्या भाषेत पाठ झाले त्याच भाषेत ते झटकन येते, हे रशियन-इंग्रजी द्विभाषिकांवर २००१ मध्ये झालेल्या प्रयोगांतही दिसले. आपल्याकडे त्याला प्रयोगशाळा लागत नाही. कन्नडमध्ये अस्खलित व्यवहार करणारा मराठी शाळेतला दुकानदार बेरीज करताना ओठांत काय पुटपुटतो ते बघा.

दोन भाषांचा भार आहे म्हणून मुलांना एकाच भाषेत वाढवावे, असे मात्र यातून निघत नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, शाळेत न गेलेल्यांतही. नंतरच्या सगळ्या अभ्यासांचे यावर एकमत नाही, तरी सीमाभागातल्या माणसाला दिलासा वाटावा अशी ही नोंद आहे.

म्हणून आमची भूमिका मधली आहे. पाढे, भाव, वय, तिथी, घरातले बोलणे यांत सत्तेचाळीस हे सत्तेचाळीसच राहू द्यावे. नातवंडांना ‘एकोण’चा अर्थ सांगून ते शिकवावे. पण जिथे दुसऱ्याने ऐकून लिहायचे आहे तिथे, म्हणजे मोबाइल नंबर, खाते क्रमांक, गॅसचा नंबर यांसाठी, जोड्या सोडून एकेक अंक सांगावा आणि तीन-चार अंकांनंतर थांबावे. चार, सात, थांबा. ऐकणाऱ्याने प्रत्येक तुकडा परत म्हणून दाखवावा. काउंटरवर आम्ही रक्कम नेहमी अशीच वदवून घ्यायचो, ‘पाच हजार तीनशे सत्तर, पाच तीन सात शून्य’. औषधाच्या बाबतीत तर आकडा तोंडी सांगूच नये, गोळीच्या पाकिटावर जाड अक्षरात लिहावा, आणि तो देवनागरीत लिहायचा की इंग्रजीत, हे गोळी देणाऱ्या माणसाला विचारून ठरवावे.